बेंगॉल मांजर आणायचंय? आधी स्वभाव बघा, मग ठिपके

बेंगॉल मांजराचा व्हिडिओ पाहून भुरळ पडली नाही असा मांजरप्रेमी विरळा. बिबट्यासारखे ठिपके, उन्हात चमकणारी लव, दबकत टाकलेली पावलं. मग शोधाशोध सुरू होते, कुणीतरी ‘प्युअर बेंगॉल, दोनच पिल्लं शिल्लक’ असा मेसेज पाठवतं आणि घाईघाईत टोकन भरलं जातं. हा लेख ते टोकन भरण्याआधी वाचायचा आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. नक्षीचं कौतुक महिनाभर टिकतं. त्यानंतरची बारा-पंधरा वर्षं घरात वावरतो तो त्या मांजराचा स्वभाव. लोक आधी रंग निवडतात, मग पिल्लू, आणि घराचा विचार सगळ्यात शेवटी करतात. तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात करा.

पहिली पायरी: हे मांजर आलं कुठून ते समजून घ्या

बेंगॉल ही संकरातून घडवलेली जात आहे. एका बाजूला नेहमीचं घरमांजर, दुसऱ्या बाजूला आशियातलं रानटी बिबट्या मांजर, म्हणजे लेपर्ड कॅट. हे बिबट्या मांजर आकाराने साधारण घरच्या मांजराएवढंच, पण उंच पायांचं आणि माणसापासून चार हात लांब राहणारं. ते आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही आहे.

कॅलिफोर्नियातल्या जीन मिल यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतः पाळलेल्या एका बिबट्या मांजरीचा संकर काळ्या घरगुती बोक्याशी घडवला. तो उद्योग मध्ये बरीच वर्षं बंद पडला. १९८० च्या सुमारास त्यांनी पुन्हा सुरुवात केली ती डॉ. विलर्ड सेंटरवॉल यांच्याकडून मिळालेल्या संकरित मांजरांवर. सेंटरवॉल मांजरांच्या ल्युकेमियाचा अभ्यास करत होते. बिबट्या मांजराला या रोगाच्या विषाणूची बाधा होत नसावी असा अंदाज होता, म्हणून त्यांनी हे संकर करून पाहिले होते.

आता अडचण अशी, की या संकरातले पहिल्या दोन-तीन पिढ्यांचे बोके सहसा प्रजननक्षम नसतात. माद्यांना बोका बाहेरूनच आणावा लागतो. १९८२ मध्ये मिल भारतात आल्या होत्या. तेव्हा दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारा एक बेवारस बोका त्यांच्या नजरेत भरला. तांबूस सोनेरी अंग, त्यावर गडद ठिपके. तो अमेरिकेला गेला, ‘टोरी ऑफ डेल्ही’ म्हणून नोंदला गेला आणि बेंगॉलच्या मूळपुरुषांपैकी एक ठरला. बेंगॉलच्या केसांवरची ती प्रसिद्ध चकाकी त्याच्याकडूनच आली असं ब्रीडर मंडळी मानतात. ‘इम्पोर्टेड’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या या जातीच्या अंगावर दिल्लीच्या एका भटक्या बोक्याची झळाळी आहे, ही गोष्ट मला भारी आवडते.

‘टिका’ या आंतरराष्ट्रीय मांजर संघटनेने १९८६ मध्ये नवी जात म्हणून बेंगॉलला मान्यता दिली आणि १९९१ पासून ती अजिंक्यपदाच्या स्पर्धांत उतरू लागली.

दुसरी पायरी: पिढीचा आकडा विचारा

आई किंवा बाप थेट रानटी बिबट्या मांजर असेल तर ते पिल्लू एफ-१. त्याची पुढची पिढी एफ-२, मग एफ-३. चौथ्या पिढीपासून पुढच्या, दोन्हीकडून बेंगॉलच असलेल्या मांजरांना ‘एसबीटी’ म्हणतात. घरात पाळायचं बेंगॉल ते हेच. पहिल्या तीन पिढ्यांची मांजरं बुजरी असतात, कुठेही लघवीचे फवारे मारण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त असतं, आणि पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

तरीही ‘एफ-२ आहे, यात खरं जंगली रक्त आहे’ असं सांगून जास्त पैसे मागणारे भेटतात. त्यांना एक गोष्ट ऐकवायला हरकत नाही. शेकडो बेंगॉल मांजरांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्या मांजराचा वाटा सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि जे रूप आपण ‘जंगली’ समजतो त्यातला बराचसा भाग घरमांजरांच्याच जनुकांतून, पिढ्यान्पिढ्या निवड करून आलेला आहे असं दिसलं. तेव्हा चांगल्या नक्षीसाठी रानाच्या जवळची पिढी लागते, ही समजूत चुकीची आहे.

कायद्याची बाजूही इथेच पाहून घ्या. बिबट्या मांजर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. ऊसतोडीच्या हंगामात फडात वाघाटीची, म्हणजे एका लहानशा रानटी मांजराची, पिल्लं सापडतात. ती एवढीशी आणि ठिपकेदार असतात, कुणालाही मोह पडेल. वाघाटीही पहिल्या अनुसूचीतच आहे. कागदपत्रं नाहीत, आईबाप दाखवायला नाहीत आणि ‘शेतात मिळालं, बेंगॉलच आहे’ असं कुणी म्हणत असेल, तर व्यवहार सोडा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. ती पिल्लं जागेवर ठेवली तर आई बहुतेक वेळा परत येऊन घेऊन जाते.

परदेशात राहणाऱ्यांनी आपल्या शहराचा नियम आधी वाचावा. न्यूयॉर्क शहरात बेंगॉल ठेवायला बंदी आहे, हवाईत तर आणताच येत नाही. ब्रिटनमध्ये एफ-१ साठी धोकादायक वन्य प्राण्यांचा परवाना लागतो, पुढच्या पिढ्यांना लागत नाही.

तिसरी पायरी: स्वभाव ओळखा

बेंगॉल आक्रमक असतं, असं बरेच जण ऐकून असतात. नीट माणसाळवलेलं एसबीटी बेंगॉल आक्रमक नसतं. ते दमवतं. या दोहोंतला फरक न कळल्यामुळे बरीच मांजरं वर्षभरात दुसऱ्या घरी जातात.

दिवसातून दोनदा, पहाटे आणि दिवेलागणीला, अंगात आल्यासारखं ते घरभर धावतं. सोफा, टेबल, फ्रिज, तिथून कपाटाचा माथा. उंचावर बसून सगळ्या घरावर नजर ठेवणं त्याला आवडतं, आणि उंच जागा तुम्ही दिली नाहीत तर ते स्वतः शोधतं. मग देवघराचा वरचा कप्पा काय आणि पडद्याची दांडी काय. हातही स्वस्थ नसतात. सरकत्या खिडकीच्या फटीत पंजा घालून ती उघडणं, खटक्याची कडी वर ढकलणं, ड्रॉवर ओढणं हे प्रकार एकदा पाहिले की पाठ होतात. नको त्या गोष्टी शिकणारं डोकं हव्या त्या गोष्टीही शिकतं. खाऊ देऊन बसायला, हाक मारली की यायला, फेकलेला कागदाचा बोळा आणून द्यायला ती पटकन शिकतात.

पाण्याचं तर विचारूच नका. ओळखीच्या एका घरातली भाटी पाण्याच्या वाडग्याशी येते, आधी उजवा पंजा बुडवून पाणी हलवते, हललेल्या पाण्याकडे मान तिरकी करून बघते, पंजा चाटते, पुन्हा बुडवते आणि मग वाडग्याची कड धरून ते सावकाश स्वतःकडे ओढते. फरशीवर ओघळ आला की त्याच्यामागे जाते. पिणं राहतं बाजूला. त्या घरी आता जड तळाचं, पसरट पातेलं ठेवतात आणि खाली जुना टॉवेल. सगळीच बेंगॉल पोहायला धावत नाहीत, पण नळाखाली डोकं घालणारी, आंघोळीच्या वेळी बाथरूमच्या दाराशी ठाण मांडणारी पुष्कळ.

आवाज हा आणखी एक मुद्दा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तो गंभीरपणे घ्यावा. साध्या म्याँवखेरीज घोगरं ओरडणं, चिवचिवणं, कबूतर दिसलं की दात वाजवत कचकच करणं, असे बरेच सूर या गळ्यात असतात. भूक, कंटाळा, बंद दार, प्रत्येकाचा सूर वेगळा. शांत घर हवं असेल तर ही जात तुमच्यासाठी नाही.

माया करतात का? करतात, पण मांडीवर तासन् तास पसरून नाही. पर्शियन पाळलेल्या माणसाला हा फरक खुपतो. बेंगॉल तुमच्या मागे मागे स्वयंपाकघरात येईल, लॅपटॉपशेजारी बसेल, रात्री पायाशी झोपेल. उचलून कवटाळलं की मात्र मिनिटभरात सुटून जाईल. त्याला तुमच्या कामात भाग घ्यायचा असतो.

घरात पोपट, लव्हबर्ड्स, हॅमस्टर किंवा उघडी माशांची टाकी असेल, तर सरळ दुसरी जात बघा. शिकारीची ओढ शिकवून जात नाही. कुत्र्याशी, दुसऱ्या मांजराशी हळूहळू ओळख करून दिली तर छान जमतं. फक्त म्हातारं, भित्रं मांजर घरात असेल तर त्याचं जिणं हराम होऊ शकतं. मुलं साधारण सात-आठ वर्षांच्या पुढची असतील तर दोघांची चांगली गट्टी होते.

‘याची ॲलर्जी होत नाही’ असंही सांगितलं जातं. त्यावर विश्वास ठेवू नका. ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनामुळे. केस कमी गळाले तरी ते प्रथिन असतंच. घरात कुणाला मांजराचा त्रास होत असेल तर ब्रीडरच्या घरी दोन-तीनदा जाऊन तासभर बसा, म्हणजे कळेल.

चौथी पायरी: घर तपासा

सगळ्यात आधी बाल्कनी. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं. इनव्हिजिबल ग्रिलच्या तारांमधून पिल्लू सहज निसटतं. बारीक भोकांची स्टीलची जाळी चौकटीत घट्ट बसवून घ्या, खिडक्यांनाही. चौथ्या मजल्यावरून पडलेलं मांजर ‘चार पायांवर पडतं’ म्हणून वाचतंच असं नाही.

मग पाणी. आपल्याकडे भरलेल्या बादल्या, पिंपं, ड्रम असतातच. पाण्याची ओढ असलेलं पिल्लू त्यात डोकावणार आणि गुळगुळीत कडेमुळे त्याला बाहेर येता येणार नाही. झाकणं हवीतच. वॉशिंग मशीन लावण्याआधी आत हात घालून बघायची सवय लावा. लिलीची फुलं, मग ती गुच्छातली का असेनात, घरात नकोत. परागकणांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं आहे, तसंच कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारं परमेथ्रिन असलेलं औषधही.

भिंतीला पक्का टेकवलेला, छताच्या जवळ जाणारा कॅट ट्री किंवा दोन-तीन फळ्या हव्यात. नख्या घासायला उभा, न हलणारा खांब हवा. आणि वेळ हवा: रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं, काठीला बांधलेलं पीस घेऊन दमेपर्यंत खेळवायचं. दोघंही नोकरीला, घर दहा तास बंद, असं असेल तर एकटं बेंगॉल आणू नका. जोडीने दोन पिल्लं आणा किंवा बेत पुढे ढकला.

एक नाजूक प्रश्न उरतो, तो खाण्याचा. मांजर पक्कं मांसाहारी असतं. दूध-पोळीवर ते जगवता येत नाही, टॉरिन हा घटक त्याला मांसातूनच मिळतो. शाकाहारी घरात निदान मांजराचं तयार खाद्य तरी चालणार आहे ना, हे घरातल्या मोठ्यांशी आधी बोलून घ्या. कच्चं मटणच हवं, ‘जंगली आहे ना’, हा मात्र निव्वळ गैरसमज.

पाचवी पायरी: आता रूप बघा

घर पास झालं असेल तर खुशाल ठिपके बघायला निघा. पण तिथेही अंगकाठी आधी. बेंगॉल लांबट, पिळदार आणि हाताला जड लागतं. बोका साधारण साडेचार ते सात किलो, भाटी साडेतीन ते साडेपाच. मागचे पाय पुढच्यांपेक्षा किंचित उंच, त्यामुळे चालताना पाठीचा मागचा भाग वर दिसतो. डोकं अंगाच्या मानाने लहान, मिशांची उशी फुगीर, नाक रुंद, कान लहान आणि टोकाला गोलसर. शेपटी जाड आणि टोकाला काळी. कानाच्या मागच्या बाजूला फिकट डाग असेल, पिठात बुडवलेल्या अंगठ्याचा ठसा उमटावा तसा, तर उत्तम. वाघ-बिबट्यांच्या कानांमागेही तो असतो.

नक्षी दोन प्रकारची. एक ठिपकेदार, त्यातही नुसते भरीव ठिपके आणि ‘रोझेट’ असा भेद आहे. रोझेट म्हणजे गडद कड आणि आत वेगळ्या छटेचा रंग. ही दुरंगी खूण बेंगॉलची खरी ओळख. ठिपके अंगभर विखुरलेले किंवा आडव्या ओढीत असावेत. उभ्या पट्ट्यांत रांगा लागलेल्या असतील तर नक्षी कमी दर्जाची मानतात. दुसरा प्रकार मार्बल: अंगावर आडवे वाहत गेलेले वळसे. मार्बलला आपल्याकडे मागणी कमी असते. मला स्वतःला तीच नक्षी जास्त देखणी वाटते. स्वभावात दोघांत फरक नाही.

रंगांत तपकिरी सगळ्यात परिचित. फिकट वाळूपासून तांबूस सोनेरीपर्यंत त्याच्या छटा. रुपेरी, हिमासारखा पांढुरका ‘स्नो’, डोळ्यांभोवती गडद मुखवटा असलेला चारकोल, हेही असतात. स्नोच्या एका प्रकारात डोळे निळे असतात; तपकिरी आणि रुपेरीत सोनेरी ते हिरवे. पोट फिकट असावं आणि त्यावरही ठिपके हवेत. हे पोट नक्की बघा, फोटोत ते कधीच नसतं.

पिल्लू खिडकीशी उन्हात न्या आणि पाठीवरून हात फिरवा. केस आखूड, दाट, अंगालगत आणि रेशमी लागले पाहिजेत. चकाकी असेल तर केसांची टोकं उन्हात सोनेरी दिसतील; सगळ्या बेंगॉलना ती नसते, आणि नसली म्हणून मांजर खोटं ठरत नाही.

इथे नवख्यांची हमखास फसगत होते. साधारण चार आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंत पिल्लांच्या अंगावर लांब, करडे, विस्कटलेले केस येतात आणि नक्षी झाकोळून जाते. ब्रीडर याला ‘फझी’ अवस्था म्हणतात. रानात पिल्लू झुडपात दिसू नये म्हणून असलेली ही सोय, असं मानलं जातं. या वयात पिल्लू बेरूप दिसलं तर घाबरू नका, आईबाप बघा. उलट बाजूने, आपल्या गल्लीतल्या ठिपकेदार देशी मांजराची पिल्लंही ‘बेंगॉल’ म्हणून विकली जातात. देशी मांजर वाईट अजिबात नाही, फुकट मिळतं आणि काटक असतं. बेंगॉलचे पैसे देऊन ते घेऊ नका एवढंच. ठिपका एकाच रंगाचा, अंग सडसडीत, कान मोठे आणि टोकदार, शेपटी निमुळती असं सगळं एकत्र दिसलं तर शंका घ्या.

सहावी पायरी: कागद आणि तपासण्या

पिल्लू बारा आठवड्यांचं होण्याआधी आणू नका. आईसोबत आणि भावंडांसोबत घालवलेल्या दिवसांत ते चावण्याची मर्यादा शिकतं. ब्रीडरच्या घरी जा, आईला भेटा. आई फिस्कारत कोपऱ्यात बसत असेल तर पिल्लाच्या स्वभावाबद्दल विचार करा. नुसत्या फोटोवर, बस किंवा कुरिअरने पिल्लू मागवू नका.

वंशावळीचा दाखला मागा आणि आईबापांच्या दोन डीएनए चाचण्यांचे निकाल बघा: पीके डेफिशियन्सी, म्हणजे लाल रक्तपेशी फुटून होणारा ॲनिमिया, आणि पीआरए-बी, ज्यात लहान वयातच हळूहळू दृष्टी जाते. दोन्ही दोष आई आणि बाप दोघांकडूनही आले तरच रोग होतो, म्हणून दोघांचे निकाल लागतात. एचसीएम या हृदयविकारासाठी बेंगॉलमध्ये भरवशाची डीएनए चाचणी नाही. ब्रीडिंगच्या मांजरांची वेळोवेळी इको तपासणी होते का, ते विचारा. पिल्लाला बरेच दिवस पातळ, दुर्गंधी येणारे जुलाब होत असतील तर ट्रायकोमोनास या परजीवीची चाचणी करायला व्हेटना सांगा. नेहमीच्या जंताच्या औषधाने तो जात नाही.

ट्रायकॅट या मांजरांच्या एकत्रित लसीचा पहिला डोस झालेला असावा, पुढचा डोस आणि रेबीजची लस तुमच्या व्हेटकडे. आपल्या महापालिकेत मांजरांची नोंदणी लागते का, तेही विचारून घ्या.

सातवी पायरी: पहिले दोन आठवडे

आल्या दिवशी घरभर सोडू नका. एक खोली, त्यात पाणी, खाणं, लपायला खोका आणि खाण्यापासून लांब लिटरचा ट्रे. ट्रे मोठा आणि उंच कडांचा घ्या, ही मंडळी उकरताना वाळू उडवतात. दोन-चार दिवसांत ते स्वतःहून दाराशी येऊन ओरडायला लागलं की दार उघडा.

हाताने कुस्ती खेळू नका. पिल्लूपणी गोड वाटणारं चावणं पाच किलोच्या बोक्याकडून सोसवत नाही. चावलं की खेळ बंद, खोलीबाहेर. मारलंत तर ते तुम्हाला टाळायला शिकेल, चावणं तसंच राहील.

पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी उरकून घ्या. बोके फवारे मारायला लागण्याआधी झालेली बरी. आणि ट्रेमध्ये वारंवार बसून लघवीचा थेंब येत नसेल, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. बोक्यांची मूत्रनलिका अडकली तर एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो.

याच दिवसांत हार्नेसची, म्हणजे फिरवताना अंगाला बांधायच्या पट्ट्याची, ओळख करून द्या. आधी नुसता जमिनीवर ठेवून हुंगू द्यायचा, मग खाताना अंगावर घालायचा, मग घरात दोरीसह फिरवायचं. सुरुवातीला बरीच मांजरं हार्नेस घातला की कुशीवर पडून राहतात. खाऊ दाखवत थांबा, ओढू नका. सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर पहिली फेरी गच्चीवर, भटकी कुत्री नसतील अशा वेळी, आणि दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून.